नाव घे, मग डबी घेते

देवळाली प्रवरात कुणालाही विचारा, कानिफनाथ मलमाचा कारखाना कुठं आहे, तर तो हातातलं काम टाकून दाखवायला येईल. वाटेत कंपनीचा इतिहासही सांगेल, आणि तो बहुतेक चुकीचा असेल. कुणी म्हणतं, मलमाची कृती एका हिमालयातल्या साधूनं दिली. कुणी म्हणतं, स्वप्नात दृष्टांत झाला. कंपनीच्या वेबसाइटवर तर 'संस्थापक कानिफनाथ यांच्या दूरदृष्टीतून' अशी सुरुवात होती. रोहिणीनं, म्हणजे सुनेनं, हे वाक्य कानिफनाथांच्या बायकोला, पुष्पावतीला, वाचून दाखवलं तेव्हा ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. आपल्या नवऱ्याची दृष्टी कढईच्या काठापलीकडे कधी गेली नाही, हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

कानिफनाथ म्हणजे माणूस सोन्यासारखा, पण मुखदुर्बळ. चारचौघांत त्यांना बोलायला सांगितलं की दातखीळ बसायची. तरुणपणी ते साखर कारखान्यात पोती उचलायच्या कामाला होते. पाठी सगळ्यांच्याच धरायच्या. कानिफनाथांना मामाकडून एक कृती मिळालेली होती. बांधावरच्या निर्गुडीचा पाला तिळाच्या तेलात उकळायचा, तेल गाळून घ्यायचं, मेण घालून घोटायचं आणि उतरवताना कापूर नि पुदिन्याचं फूल, म्हणजे मेंथॉल, टाकायचं. घोटायला हात मात्र त्यांचाच लागायचा. दुसऱ्या कुणी घोटलं की मलमाच्या गुठळ्या व्हायच्या. ते हे मलम कागदाच्या पुड्यांतून सोबत्यांना फुकट वाटत. पुष्पावतीनं एक दिवस सरळ सांगितलं, "गावाच्या पाठी बऱ्या झाल्या, आता घराचं बघा. हे इकायचं."

विकायचं म्हणजे डबी आली, आणि डबी म्हणजे लेबल आलं. राहुरीला बिभीषणचा छापखाना होता. हा कानिफनाथांचा शाळेपासूनचा दोस्त, लग्नपत्रिका छापण्यात हयात घालवलेला. त्यानं विचारलं, "नाव काय छापू?" कानिफनाथ म्हणाले, "तुला सुचंल ते." एवढ्यावर मोकळं सोडल्यावर बिभीषणला मैत्रीचं भरतं आलं. त्यानं मधोमध लग्नातला मिशीवाला फोटो घातला, वर कमान केली आणि कमानीत ठसठशीत छापलं, 'कानिफनाथ मलम'. लेबलांचे गठ्ठेच्या गठ्ठे घरी येऊन पडले.

पुष्पावतीनं लेबल पाहिलं आणि कपाळाला हात लावला. विकणार कोण? कानिफनाथांच्या तोंडून तर बाजारात हूं का चूं निघणार नव्हतं. म्हणजे विकणार ती. आणि तिला नवऱ्याचं नाव घेता येत नव्हतं. त्या काळी घेतच नसत. हळदीकुंकवात, बारशात उखाण्यातून घेतलं तर घेतलं, एरवी 'हे' आणि 'आमचे हे'. पुष्पावती तर याबाबत इतकी कडक की मढीच्या यात्रेलाही ती 'मढीच्या देवाला जाऊन येते' असंच म्हणायची, कारण देवाचं नि नवऱ्याचं नाव एकच. अशा बाईच्या हातात बिभीषणनं नवऱ्याच्या नावाचं मलम दिलं होतं. गठ्ठा छापून होईपर्यंत हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

देवळालीच्या बाजारात पहिल्याच दिवशी तिची फजिती झाली.

"कशाचं मलम?" गिऱ्हाईक विचारी.

"ह्यांचं."

"ह्यांचं म्हंजी कुनाचं?"

ती फोटोवर बोट ठेवी. गिऱ्हाईक फोटोकडे बघे, तिच्याकडे बघे, हसून पुढं जाई. ओळखीचे लोक तर मुद्दाम नाव विचारायला येऊ लागले. भरलेली पिशवी तशीच घरी आली. कानिफनाथांनी पिशवी पाहिली आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप आणखी एक कढई मलम घोटून ठेवलं. त्यांचं सांत्वन करायचं असंच होतं.

पुष्पावतीची थोरली बहीण राजूरला दिलेली होती. तिथं आपल्याला कोण ओळखतंय, असा विचार करून ती संगमनेर, अकोले करत एस.टी.नं राजूरच्या बाजाराला गेली. आजूबाजूच्या डोंगरवाड्यांवरून बायका डोक्यावर हिरड्याची, भाताची ओझी घेऊन उतरत होत्या. गुडघे दुखणारं गिऱ्हाईक म्हणाल तर भरपूर. त्यातली एक, बनुबाई नावाची, ओझं टेकवून तिच्यासमोर उभी राहिली. काटक अंगाची, आवाज मात्र गावाला पुरेल असा.

"काय इकती गं?"

"गुडघ्याचं मलम."

"नाव काय त्याचं?"

"डबीवर लिवलंय की."

"मला वाचता येत न्हाई. तू सांग."

पुष्पावतीची मान खाली गेली. "ह्यांचंच नाव हाय," ती पुटपुटली.

बनुबाईला क्षणात उलगडा झाला. तिनं खाली बसकण मारली आणि अख्ख्या बाजाराला हाक घातली, "बायांनो, या गं इकडं! हिच्या नवऱ्याच्या नावाचं मलम हाय, अन् हिलाच नाव घ्यायची लाज वाटती!" बघता बघता बायकांचं कोंडाळं झालं. बनुबाईनं डबी हातात घेतली, उलटसुलट केली आणि अट घातली, "नाव घे, मग डबी घेते."

आता माघार घ्यायची तर पुन्हा भरली पिशवी घेऊन घर. पुष्पावतीनं पदर सावरला, समोरच्या डोंगरांकडे पाहिलं आणि जे तोंडाला आलं ते म्हणून टाकलं:

"कळसूबाईचा डोंगर, पायाला लागली रग,
कानिफनाथांचं मलम चोळा, झरझर चढाल मग!"

बायकांनी बाजार डोक्यावर घेतला. बनुबाईनं डबी घेतली, तिच्या शेजारणीनं घेतली, शेजारणीच्या जावेनं घेतली. पिशवी रिकामी झाली. पुष्पावती परतीच्या एस.टी.त बसली तेव्हा तिचे कान तापलेले होते. आपण परमुलखात जाऊन नवऱ्याचं नाव गाजवून आलो, याची लाज वाटत होती आणि हसूही आवरत नव्हतं.

पुढच्या बाजाराला बनुबाई वाटच बघत होती. गुडघ्याला उतार होता, पण अट कायम होती. त्यात भर म्हणजे, "मागचा नको, नवीन घे!" झालं. त्या दिवसापासून दर बाजाराला नवा उखाणा हा नियमच पडला. पुष्पावती भाकरी थापताना जुळवू लागली, निर्गुडी खुडताना जुळवू लागली. "हिरडा आणला डोंगरातून, भात आणला पोत्यात, कानिफनाथांचं मलम लावा, जोर येतो गुडघ्यात." शेजारचा कपडेवाला तोंडावर सांगायचा की तुझ्यामुळं माझ्याकडं गिऱ्हाईक फिरकत नाही, आणि स्वतःच ऐकायला येऊन उभा राहायचा. लग्न ठरलेल्या पोरी तिच्याकडून उखाणे पाठ करून घेत. नाव बदलून घ्या म्हणायची ती, मलम तेवढं तसंच ठेवा.

एकदा माल जास्त होता म्हणून कानिफनाथ टेम्पोबरोबर आले. पुष्पावतीनं खड्या आवाजात सुरू केलं, "प्रवरेच्या पाण्यावर उसाला फुटला कोंब, कानिफनाथांचं नाव घेतलं, थांबली गुडघ्यांची बोंब!" बायका हसून लोटपोट झाल्या. नाववाला कुठाय म्हणून तिनं मागं पाहिलं, तर संस्थापक टेम्पोच्या पलीकडे चाकाआड बसलेले, लाल झालेले.

कंपनी वाढली ती अशी. राजूरहून अकोले, अकोल्याहून संगमनेर. शिर्डीला दुकानात माल लागला तेव्हा पुष्पावतीची थोडी सुटका झाली. पायी चालत आलेल्या परप्रांतीय भक्तांना उखाणा कळत नव्हता, पोटऱ्या तेवढ्या दुखत होत्या. फोटोवर बोट ठेवलं की भागत होतं. मग नाशिकहून लायसन आलं, अंगणातली कढई शेडमध्ये गेली, शेडचा कारखाना झाला, डब्या भरायला मशीन आलं. मुलगा आदिनाथ औषधनिर्माण शिकून आला, त्याच्यामागून रोहिणी सून म्हणून आली आणि तिनं विक्रीचा भार उचलला. डबीवरच्या फोटोतली मिशी मधे एका डिझाइनवाल्यानं काढली होती, तर राजूरहून एवढा ओरडा झाला की परत लावावी लागली.

इतकं सगळं झालं, तरी पुष्पावतीच्या मनात एक गोष्ट राहून गेली होती. तिनं बाजारात बसून नवऱ्याचं नाव मोजता येणार नाही इतक्यांदा घेतलं. नवऱ्यानं तिचं एकदाही नाही. संसाराच्या सुरुवातीला ती 'अगं' होती, मग 'ऐकलं का' झाली, मग 'आदिनाथची आई'. पुष्पावती हे नाव आधार कार्डावर होतं, डॉक्टरकडच्या कागदावर होतं, कंपाउंडर ते मोठ्यानं पुकारायचा. त्या एका माणसाच्या तोंडात मात्र ते कधी आलं नाही. तिला ते ऐकायचं होतं. एकदाच का होईना, पण ऐकायचं होतं.

हे बाहेर पडलं ते रोहिणीमुळं. नव्या इमारतीच्या उद्घाटनाला कंपनीच्या वाटचालीची छोटी फिल्म करायची म्हणून तिनं सासूबाईंना खुर्चीत बसवलं आणि मोबाईल समोर धरला. "आई, एवढंच म्हणा. कानिफनाथ मलम, आपल्या मातीतलं."

"नाव घ्यायला लावती व्हय मला?"

"नुसतं मलमाचं नाव हो."

"ते नुसतं कसं येईल? उखाण्यातूनच येनार."

आणि मग आलेच. एकामागून एक, राजूरचे, अकोल्याचे, संगमनेरचे. रोहिणीनं फिल्म बाजूला ठेवली आणि पायाशी मांडी घालून बसली. वेबसाइटवरची दूरदृष्टी तिनं त्याच संध्याकाळी काढून टाकली. पण त्याआधी तिनं विचारलं, "आणि दादांनी? दादांनी तुमचं नाव कधी घेतलं?"

"लग्नात घ्यायचं हुतं," पुष्पावती म्हणाली. "घास भरवायच्या टायमाला समद्यांनी धरलं, नाव घ्या, नाव घ्या. ह्यांनी काय केलं? ताटातली अख्खी जिलबी तोंडात कोंबली. गाल फुगवून बसले. पंगत उठली तरी चावतच हुते." ती हसली, पण हसू मधेच विरलं. "त्यानंतर न्हाई."

रोहिणीनं हे मनात ठेवलं. चार दिवसांनी जेवणाच्या ताटावर तिनं विषय काढला. कंपनी टाचांच्या भेगांसाठी नवीन मलम काढत होती आणि नाव ठरत नव्हतं. "पुष्पावती ठेवूया," ती म्हणाली. आदिनाथनं लगेच मान डोलावली. कानिफनाथ आमटीत भाकरी चुरत होते. "लई भारी," ते म्हणाले, आणि मग घास हातातच राहिला. आपण कशाला हो म्हटलं, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. तोवर आदिनाथनं पुढचंही सांगून टाकलं होतं, की उद्घाटनाच्या दिवशी नवीन मलमाचं नाव दादाच जाहीर करतील.

त्यानंतर कारखान्यात जी करमणूक झाली ती तिकीट लावून दाखवण्यासारखी होती. कानिफनाथ नव्या मलमाला 'ते टाचेचं' म्हणू लागले. दुकानदारांचे फोन यायचे, मालक, नव्या मालाचं नाव काय? हे म्हणायचे, "फोटो पाठवतो." मोबाईलला हात न लावणारा माणूस डबीचे फोटो पाठवायला शिकला. पॅकिंगच्या बायका मुद्दाम विचारायच्या, दादा, या खोक्यात काय भरू? ते बोट दाखवायचे. पुष्पावती खिडकीतून बघायची. देवळालीच्या बाजारात आपण असंच बोट दाखवत होतो, हे तिला आठवायचं. तिला आधी गंमत वाटली. दिवस जवळ येत गेले तशी ती कमी होत गेली.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ती ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. कानिफनाथ आले, इकडं तिकडं घुटमळले. "घसा बसलाय," ते म्हणाले. "उद्या आदिनाथच बोलंल."

पुष्पावतीच्या हातातली शेंग सुपात पडली.

"माझा घसा न्हाई बसला कधी," ती म्हणाली. "उन्हात बसले, परक्या बायांत बसले, अन् तुमचं नाव घेतलं. दर बाजाराला नवं. मला काय लाज नव्हती? लई वाटायची. तरी घेतलं, का तर घरी तुमी घोटून घोटून हात दुखवून घेताय, ते वाया जाऊ नये." तिनं सूप बाजूला सारलं. "मला काय सोनं पायजे? माझं नाव तुमच्या तोंडातून ऐकायचंय. मी गेल्यावर फोटोखाली लिवाल, तवा मला वाचता येनार न्हाई."

कानिफनाथ उभेच राहिले.  मग ते वळून जुन्या शेडकडे निघून गेले. पुष्पावतीनं पदरानं डोळे पुसले आणि उरलेल्या शेंगा रागानं फोडल्या. त्यातले निम्मे दाणे चुरडले.

दुसऱ्या दिवशी कारखान्यासमोर मांडव पडला. बिभीषण नवा कोरा शर्ट घालून पुढच्या रांगेत होता. तो पुष्पावतीला म्हणाला, "वहिनी, काल ह्याला काय झालं हुतं? सांजच्याला माझ्या छापखान्यात येऊन बसला. बोलत काय न्हाई. नुसता भिंतीकडं बघून ओठ हलवतोय."  पुष्पावतीनं आशा सोडायची असं ठरवलं होतं. राजूरहून बायकांनी भरलेला टेम्पो आला. त्यातून बनुबाई उतरली, केस पांढरे, आवाज तोच.

भाषणं झाली. रोहिणीची फिल्म झाली, तिच्यात उखाणे होते, बायकांनी प्रत्येकाला टाळ्या दिल्या. मग आदिनाथनं माइक घेतला. "आता नवीन मलमाचं नाव दादा जाहीर करतील," तो म्हणाला आणि माइक वडिलांच्या हातात देऊन टाकला.

कानिफनाथांनी टेबलावरचं फडकं काढलं. खाली डबी होती, गुलाबी. नाव बारीक अक्षरांत, मांडवातून कुणालाही न वाचता येण्यासारखं. ही रोहिणीची हुशारी. कानिफनाथांनी घसा खाकरला. माइकमधून ती खाकर मांडवभर फिरली. नंतर काहीच नाही. लोक वाट बघत राहिले. कानिफनाथांच्या कपाळावर घाम आला. टेबलावर पाहुण्यांसाठी पेढ्यांचं ताट होतं. त्यांचा हात हळूच ताटाकडे सरकू लागला.

पुष्पावतीनं तो हात पाहिला. लग्नात जिलबीकडे गेलेला हात हाच. ती शेजारच्याच खुर्चीत होती. तिनं शांतपणे ताट उचललं आणि आपल्या मांडीवर घेतलं.

हात रिकाम्या टेबलावर थांबला. पुढच्या रांगेत बनुबाईनं हे सगळं टिपलं होतं. ती उठून उभी राहिली आणि तिनं राजूरच्या बाजारातली आरोळी मारली, "नाव घ्या, मग डबी घेतो!" मागून सगळ्या बायका ओरडल्या, "नाव घ्या! नाव घ्या!" पॅकिंगच्या बायका सर्वांत मोठ्यानं.

कानिफनाथांनी बायकांकडे पाहिलं, डबीकडे पाहिलं आणि शेवटी पुष्पावतीकडे पाहिलं. मांडवाकडे पाठ करून, तिच्याकडे तोंड करून ते उभे राहिले. माइक दोन्ही हातांनी धरला, कढईतला दांडा धरावा तसा.

"डबीवर नाव माझं, मलम घोटलं मी," ते म्हणाले. आवाज घोगरा होता. घसा बहुधा खरंच बसला होता. "पुष्पावती नसती तर घेतलं असतं कुनी?"

 मग बायकांचा जो कल्ला उठला तो रस्त्यापलीकडच्या उसापर्यंत गेला असेल. बिभीषण डोळे पुसत शेजाऱ्याला सांगत होता की लेबल मीच छापलं होतं. आदिनाथ आणि रोहिणी एकमेकांकडे बघून हसत होते. पुष्पावतीला यातलं काही ऐकू येत नव्हतं. तिच्या कानात आपलं नाव होतं, त्या आवाजातलं, आणि ते इतकं नवं वाटत होतं की दुसऱ्याच कुणाचं असावं. तिचे कान तापले. राजूरहून परतताना एस.टी.त तापले होते तसेच. ताटातले पेढे तिला दिसेनासे झाले.

कानिफनाथ सुटलो म्हणून खाली बसायला लागले. पुष्पावतीनं पदरानं डोळे टिपले, ताट बाजूला ठेवलं आणि त्यांच्या हातातला माइक पुन्हा त्यांच्या तोंडाशी नेला.

"मागच्या बायांना ऐकू आलं न्हाई," ती म्हणाली. "परत घ्या."

आणि खालून बनुबाई ओरडली, "मागचा नको, नवीन घ्या!"